‘निशांत’ : गढीच्या आतली रात्र

हैदराबाद संस्थानाचा जो इतिहास आपल्या घरांतून पुढच्या पिढीला सांगितला जातो, तो बहुधा दहा वर्षांत सामावलेला असतो. १९३८ चा सत्याग्रह ही त्याची एक कड आणि १७ सप्टेंबर १९४८ ही दुसरी. या दहा वर्षांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेली मुले येतात, स्वामी रामानंद तीर्थ येतात, रझाकारांचे अत्याचार येतात, सरहद्दीवरचे कॅम्प येतात आणि शेवटी पोलीस अ‍ॅक्शन येते. या इतिहासात आपण सोसणारे असतो आणि लढणारे असतो. तो खोटा नाही. आपल्या अनेक घरांनी त्याची किंमत मोजली आहे. परंतु तो पुरा नाही. त्याच संस्थानात, त्याच वर्षांत, राजधानीपासून फार दूर नसलेल्या तेलंगणाच्या खेड्यांत आणखी एक रात्र चालू होती आणि तिच्याविषयी आपल्या ओसरीवर फारसे बोलले गेले नाही.

त्या रात्रीविषयी बोलणारी जी थोडी कलाकृती हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाट्याला आली, तिच्यात श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’ (१९७५) अग्रभागी आहे. बेनेगल आपल्याच शहराचे. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ चा, तिरुमलगिरीचा. शिक्षण निजाम कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठात. हैदराबाद फिल्म सोसायटीच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. ‘निशांत’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. एवढे दोन धागे असूनही आपल्या मंडळींनी या चित्रपटाकडे आपल्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तसे पाहण्याचा यत्न करणार आहोत.

कथा

आजच्या बाजारी परिभाषेत बोलायचे तर ‘निशांत’ हा प्रणय आणि थरार यांचा चित्रपट ठरेल. काळ १९४५ चा. तेलंगणातील एका गावात चार जमीनदार भाऊ राहतात. थोरला, ज्याला सारे अण्णा म्हणतात, तो गावाचा खरा सत्ताधीश. मधले दोघे अंजय्या आणि प्रसाद दारू व बायका यांत बुडालेले. धाकटा विश्वम् मात्र भित्रा, संकोची आणि नुकता लग्न झालेला. कथेला आरंभ होतो तो देवळातील दागिन्यांच्या चोरीने. चोर कोण हे पाहणाऱ्याला लवकरच कळते, पुजाऱ्यालाही कळते. पण बोलत कोणीच नाही. पुढे जे घडणार त्याची ही पूर्वसूचना आहे. ज्या गावात देवाची चोरी पचते, त्या गावात माणसाची चोरी पचायला वेळ लागत नाही.

या गावात नवा शाळामास्तर येतो. सोबत पत्नी सुशीला आणि लहान मुलगा. विश्वम् सुशीलेला पाहतो आणि तिच्या ध्यासाने झुरू लागतो. धाकट्याची ही इच्छा भाऊ एका रात्री पुरी करतात. मास्तरच्या घरातून सुशीलेला उचलून गढीत नेले जाते आणि सारा गाव दारे लावून घेतो. येथून चित्रपट दोन वाटांनी चालतो. बाहेर मास्तर दारोदार हिंडतो. पोलीस, वकील, जिल्ह्याचा अधिकारी, प्रत्येक ठिकाणी त्याला सहानुभूती किंवा सबब मिळते, न्याय मिळत नाही. आत, गढीमध्ये, सुशीला हळूहळू आपली जागा करू लागते. ती स्वतःसाठी वेगळी चूल मागते. विश्वम् तिच्यात गुंततो, दारू सोडून तिच्या मर्जीने वागू पाहतो. आणि त्याची पत्नी रुक्मिणी हे सारे मुकाट्याने पाहत राहते.

येथेच हा चित्रपट नेहमीच्या थरारपटाहून वेगळा होतो. अपहरणाच्या रूढ कथेत पाहणारा एकाच गोष्टीची वाट पाहतो, ती म्हणजे सुटकेची. ‘निशांत’मध्ये सुटकेची वाट पाहत असता आपल्याला दुसरेच भय वाटू लागते : जिला सोडवायचे तिला परत कोठे जायचे आहे? देवळात नवरा-बायकोची गाठ पडते तेव्हा सुशीलेचा संताप जमीनदारावर न कोसळता नवऱ्याच्या दुबळेपणावर कोसळतो. गढीतील माणसाने तिच्यावर अन्याय केला, पण निदान तिची इच्छा केली. घरच्या माणसाला तिच्यासाठी काही करता आले नाही. हे प्रेम नव्हे, हे उघड आहे. पण ज्या समाजात स्त्रीला दोन दुबळेपणांतून एक निवडायचा असतो, तेथे प्रेमाचे रूप कसे विपरीत होते, हे दाखवण्याचे धैर्य लेखकाने केले आहे.

त्या संतापाने मास्तर जागा होतो. पुजाऱ्याच्या मदतीने तो गावाला उठवतो. गाव उठतो तेव्हा त्याला आवरणारा कोणी राहत नाही. जमीनदार मारले जातात. पण जमावाच्या तडाख्यातून रुक्मिणी सुटत नाही, आणि डोंगराकडे पळालेले विश्वम् व सुशीलाही सुटत नाहीत. जिच्यासाठी उठाव झाला तीच उठावात संपते आणि ज्याने तो पेटवला तो मास्तर हताशपणे पाहत उरतो. शीर्षकाचा अर्थ रात्रीचा अंत असा आहे. पहाट कशी असेल याची हमी मात्र शीर्षक देत नाही.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

असा चित्रपट १९७५ साली निघाला कसा, हा प्रश्न कथेइतकाच महत्त्वाचा आहे. त्यासाठी प्रथम याच शहरातील एक जुनी हकीकत ध्यानात घ्यावी लागेल.

बंगालचे धीरेंद्रनाथ गांगुली हे निजामाच्या कलाशाळेत शिकवलेले चित्रकार. त्यांनी १९२२ साली हैदराबादेत ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली. निजामाची कृपा होती. मूकपटांचा तो काळ. दोन वर्षांत कंपनीने अनेक चित्रपट केले आणि स्वतःची चित्रपटगृहेही चालवली. १९२४ साली गांगुलींनी मुंबईत तयार झालेला ‘रझिया बेगम’ येथे दाखवला. मुसलमान सुलताना आणि तिचा हिंदू प्रियकर अशी ती प्रणयकथा. राज्यकर्त्याला ती रुचली नाही आणि गांगुलींना संस्थान सोडून जावे लागले. कंपनी बुडाली. गांगुली कलकत्त्याला परतले, पुढे तेथे मोठे झाले आणि १९७५ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराचे मानकरी ठरले. म्हणजे ‘निशांत’ ज्या वर्षीचा, त्याच वर्षीचा हा सन्मान. हैदराबादेतील चित्रनिर्मितीचा पहिला मोठा डाव एका प्रेमकथेने उधळला, आणि तो उधळण्यास एका फर्मानाहून अधिक काही लागले नाही. कृपेवर उभे राहिलेले काम कृपेबरोबर जाते, हा त्यातील धडा.

स्वातंत्र्यानंतर राजा गेला, धनको आला. मुंबईच्या हिंदी चित्रपटात पैसा घालणाऱ्याला नट ठरलेले हवेत, गाणी हवीत, शेवट गोड हवा. बेनेगल यांनी ‘अंकुर’ची कथा विद्यार्थिदशेत, हैदराबाद परिसरात घडलेल्या एका घटनेवरून लिहिली होती. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी, तिचा मुका-बहिरा कुंभार नवरा आणि त्यांच्यात उभे राहिलेले निषिद्ध नाते, असा तो विषय. बारा-तेरा वर्षे ती कथा घेऊन ते निर्मात्यांकडे फिरले. कोणी हात लावला नाही. मधल्या काळात त्यांनी मुंबईत जाहिरातसंस्थेत नोकरी केली आणि शेकडो जाहिरातपट व माहितीपट केले.

हाच व्यवसाय अखेरीस उपयोगी पडला. ‘ब्लेझ’ ही कंपनी देशभरच्या चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरवीत असे. मुख्य चित्रपटापूर्वी पडद्यावर साबण, चहा, सायकली यांच्या ज्या जाहिराती आपण पाहत आलो, त्या अशाच कंपन्यांमार्फत येत. ब्लेझचा पैसा त्यातून येई. नटनट्यांच्या लोकप्रियतेवर तो अवलंबून नव्हता. शिवाय गावोगावच्या चित्रपटगृहवाल्यांशी तिचे नित्याचे संबंध होते, त्यामुळे केलेला चित्रपट डब्यात पडून राहण्याचे भय कमी. बेनेगल यांचे काम कंपनीने पाहिलेले होते. १९७४ साली ‘अंकुर’ निघाला तो या पैशातून. शबाना आझमी यांचा हा पडद्यावर आलेला पहिला चित्रपट. त्यांना आणि साधू मेहेर यांना अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट गेला आणि मुख्य म्हणजे तो चाललाही. त्या यशावर ‘निशांत’ उभा राहिला. निर्माते तेच : ब्लेझचे बिजलानी आणि वरियावा.

त्या सुमारास वेगळ्या वाटेचे चित्रपट करू पाहणाऱ्यांचा दुसरा आधार सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा होता. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) त्या कर्जातून झाला. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ यांनी ती वाट घेतली नाही. राजाची कृपा, सावकाराची अट आणि सरकारचे कर्ज या तिन्हींच्या बाहेर जाहिरातीच्या उत्पन्नातून हे चित्रपट झाले. जो धंदा माणसाला अधिक खरेदी करायला शिकवतो, त्याच धंद्याच्या पैशातून सरंजामशाहीवरचे हे कठोर चित्रपट निघावेत, यात विरोधाभास आहे. पण स्वतंत्र निर्मितीचा इतिहास अशाच विरोधाभासांनी भरलेला आहे. पुढे १९७६ साली ‘मंथन’ला गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, १९९८ साली नागेश कुकुनूर या आपल्याच शहरच्या तरुणाने अमेरिकेतील नोकरीतून साठवलेल्या सुमारे १७ लाखांत ‘हैदराबाद ब्लूज’ केला. कोणाचा मिंधेपणा परवडेल, हे ज्याने त्याने ठरवले.

मराठी रंगभूमीचा हात

पैशाने चित्रपट निघतो. तो घडतो माणसांनी. ‘निशांत’मधील माणसे पाहिली की त्यामागे सत्तरच्या दशकातील मुंबई-पुण्याची रंगभूमी उभी असल्याचे दिसते.

तेंडुलकरांची ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके तोवर रंगभूमीवर येऊन गेली होती. ‘निशांत’चे संवाद लिहिणारे आणि त्यात पुजाऱ्याचे काम करणारे सत्यदेव दुबे यांनीच १९७१ साली ‘शांतता!’चा चित्रपट केला होता आणि त्याचे छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. ‘निशांत’चे छायाचित्रणही निहलानींचेच. थोरल्या जमीनदाराचे काम करणारे अमरीश पुरी दुब्यांच्या नाट्यवर्तुळातले. अंजय्या झालेले अनंत नाग मुंबईच्या मराठी, कोंकणी, कन्नड रंगभूमीवरून आलेले. प्रसाद झालेले डॉ. मोहन आगाशे म्हणजे ‘घाशीराम’मधील नाना फडणवीस. रुक्मिणीच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या, ज्यांना मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देताना लोकांनी पाहिले होते. मास्तर झालेले गिरीश कर्नाड त्या वेळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. विश्वम् झालेले नसीरुद्दीन शाह त्याच संस्थेचे विद्यार्थी आणि संचालकांविरुद्धच्या संपातील एक पुढारी. तरीही बेनेगलांना त्यांचे नाव सुचवले ते कर्नाडांनीच. पडद्यावर मास्तरची बायको पळवणारा तरुण मास्तरानेच निवडून आणला होता, असे म्हणायला हरकत नाही.

ही माणसे एकमेकांना ओळखत होती, कमी मोबदल्यात काम करायला तयार होती आणि तालमीची शिस्त घेऊन आली होती. स्वतंत्र चित्रपटाचे खरे भांडवल हे होते, असे आम्हांस वाटते. ब्लेझचा पैसा मोजता येतो. हे भांडवल ज्या नाट्यसंस्थांनी पंधरा-वीस वर्षे तोट्यात राहून जमवले, त्यांचा हिशेब कोठे मांडलेला नाही.

तेंडुलकरांच्या नाटकांशी परिचित असलेल्या वाचकाला गढीतील भाऊ अनोळखी वाटणार नाहीत. ‘गिधाडे’मध्ये एका घरातील भावंडे परस्परांना ओरबाडतात, येथे भावंडे एकत्र येऊन गावाला ओरबाडतात. ‘शांतता!’मध्ये पुरुषांचे खोटे न्यायालय बेणारेबाईंवर खटला चालवते. येथे सुशीलेचा खटला कोणत्याही न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. आणखी एक तुलना उद्बोधक आहे. ‘निशांत’च्याच सुमारास तेंडुलकरांनी जब्बार पटेल यांच्यासाठी ‘सामना’ लिहिला. त्यातही एक मास्तर आहे; डॉ. श्रीराम लागूंनी रंगवलेला, थकलेला, दारूत बुडालेला जुना गांधीवादी. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील याच्यासमोर उभा राहून तो एकच प्रश्न विचारीत राहतो, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा. त्या मास्तरच्या हाती फक्त प्रश्न आहे, पण तो सोडत नाही. ‘निशांत’चा मास्तर प्रश्न विचारायला उशीर करतो आणि मग प्रश्नाऐवजी आग हाती घेतो. सहकारी साखर कारखान्यांचा महाराष्ट्र आणि निजामी तेलंगणा यांतला फरक या दोन मास्तरांत आहे. पहिल्या ठिकाणी प्रश्न विचारण्याची जागा थोडीफार शिल्लक आहे. दुसऱ्या ठिकाणी ती नाहीच.

संगीत वनराज भाटिया यांचे. त्यात एकच गोष्ट सांगण्याजोगी : या चित्रपटासाठी हैदराबादचा संस्थापक मुहंमद कुली कुतुबशहा याची दखनी गझल प्रीती सागर यांच्या आवाजात घेतली आहे. ज्या नगरीच्या स्थापनेशीच भागमतीच्या प्रेमाची आख्यायिका जोडलेली आहे, त्या नगरीच्या कवी सुलतानाचे शृंगारकाव्य या पळवलेल्या स्त्रीच्या कथेत येते, तेव्हा दोन्हींमधले अंतर आपोआप दिसते. ‘अंकुर’मध्येही पात्रे दखनी वळणाची हिंदी बोलतात. ज्या बोलीने आपल्या मराठीतला ‘च’ उचलून ‘ऐसाइच’, ‘मैंइच’ केले, ती बोली तोवर हिंदी चित्रपटात हसण्यापुरतीच येत असे. रडण्यासाठी आणि शिव्याशाप देण्यासाठी ती येथे आली.

१९४५

चित्रपटातील वर्ष सहज घेतलेले नाही. संस्थानातील सुमारे साठ टक्के जमीन दिवाणी म्हणजे सरकारी महसुलाखाली होती. उरलेली जहागिरींत आणि निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासमध्ये विभागलेली. दिवाणी भागातही तेलंगणात खरी सत्ता देशमुखांची. पहिल्या सालारजंगाने महसुलाची मक्तेदारी मोडली तेव्हा जुन्या वसूलदारांना वतने मिळाली आणि जमिनीचे कागद ज्यांच्या हाती होते त्यांनी पुढे गावेच्या गावे आपल्या नावे केली. तेलुगूत अशा धन्याला ‘दोर’ म्हणत. त्याच्या वाड्याला ‘गडी’, म्हणजे आपल्या मराठवाड्यातली गढी. दोराच्या घरी गावातील प्रत्येक जातीने फुकट राबायचे, या प्रथेचे नाव ‘वेट्टी’, आपली वेठ. कुंभाराने मडकी द्यायची, चांभाराने जोडे, धोब्याने धुणे, आणि बायकांवरचा हक्क कोठेही लिहिलेला नसला तरी सर्वांना ठाऊक असे. वेठ बंद करण्याची फर्माने निघाली होती. ती कागदावर राहिली.

१९४६ च्या ४ जुलैला कडवेंडी येथे विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात दोड्डी कोमरय्या मारला गेला आणि तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याला तोंड फुटले. तो १९५१ पर्यंत चालला. ‘निशांत’ त्याच्या आदल्या वर्षी थांबतो. चित्रपटात लाल झेंडा नाही, संघटना नाही, कार्यक्रम नाही. नंतर, १९७९ साली, बी. नरसिंगराव आणि गौतम घोष यांनी ‘मा भूमि’ हा तेलुगू चित्रपट केला. त्यात तो लढा शेतकऱ्याच्या बाजूने सलग येतो. ‘निशांत’ला लढा दाखवायचा नाही. लढ्याच्या आधीची कोंडी दाखवायची आहे. आणि कोंडी संघटनेवाचून फुटली तर ती कोणाच्या अंगावर फुटते, हेही.

१९७५ साली जून महिन्यात देशात आणीबाणी आली. तक्रार घेऊन जाण्याची सारी दारे बंद असलेल्या माणसाची कथा त्या वर्षी पाहणाऱ्याला निव्वळ निजामाच्या काळची वाटली नसेल. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘निशांत’ला मिळाला आणि १९७६ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेतही तो होता.

आपण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या कथेत आपण कोठे आहोत?

गढीतील मंडळी आपली नाहीत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तेलंगणातील मोठे देशमुख बहुधा रेड्डी आणि वेलमा होते, हे खरे. पण ‘देशमुख’, ‘देशपांडे’, ‘वतन’ हे शब्द आपल्या घरांना परके नाहीत. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे या मुलखात आली ती दप्तराच्या, वसुलीच्या आणि जहागिरीच्या कामानेच. आणि गढी सोडली तरी चित्रपटात आणखी तीन आसने आहेत : सरकारी मास्तरचे, वकिलाचे आणि कागद सांभाळणाऱ्या कारकुनाचे. ही तिन्ही आसने संस्थानात मराठी माणसाने भूषवली. केशवराव कोरटकरांसारखे वकील, वामनराव नाईकांसारखे जहागीरदार यांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तिने घडवल्या. त्या पिढ्यांतले शिक्षक आणि वकील सज्जन होते, विद्वान होते, बरेचसे देशभक्तही होते. ‘निशांत’चा मास्तरही सज्जनच आहे. चित्रपटाचा आक्षेप सज्जनपणावर नाही; सज्जनपणा कोणत्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो, एवढेच तो दाखवतो.

या संदर्भात १९२१ सालची एक घटना आपल्या मंडळींनी विसरू नये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात संस्थानची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत झाली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा मराठी श्रोत्यांनी त्यांची हुर्यो केली. त्यांना बोलता आले नाही. ज्या राज्यात तेलुगू ही सर्वाधिक लोकांची भाषा, त्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्याच सभेत हे घडले. दुखावलेली तेलुगू मंडळी तेथून उठली आणि त्यांनी आंध्र जनसंघ स्थापन केला. त्यातून पुढे आंध्र महासभा झाली, आणि वेठीविरुद्ध खेड्यापाड्यांत जी जागृती झाली ती बरीचशी तिच्यामुळे. सभागृह आपले होते, व्यासपीठ आपले होते, अध्यक्ष आपल्यातले थोर सुधारक होते. तरीही खेड्यातला आवाज ऐकण्याची तयारी श्रोत्यांत नव्हती. ‘निशांत’मध्ये मास्तर एका दारावरून दुसऱ्या दारावर जातो आणि कोणी ऐकत नाही, ती दृश्ये पाहताना आम्हांला त्या नाट्यगृहाची आठवण होते.

हे लिहिण्यात पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. ज्यांनी तुरुंगवास सोसला, कॅम्पांत दिवस काढले, त्यांचे ऋण आहेच. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० साली कुळकायदा आला, १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा तिकडे गेल्यावर आपण येथे भाषिक अल्पसंख्य म्हणून उरलो. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले तेव्हा गडी, दोर, वेट्टी हे शब्द पुन्हा लोकांच्या तोंडी आले. आपल्या शेजाऱ्यांच्या आजी-आजोबांची आठवण त्या शब्दांत आहे. ती आठवण आपल्या आठवणीशेजारी ठेवल्याखेरीज या भूमीत शंभर-दोनशे वर्षे राहिल्याचा आपला दावा पुरा होत नाही.

रुक्मिणीचे पात्र या दृष्टीने आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. ती गढीत राहते, गढीचे अन्न खाते, कोणावर अन्याय करीत नाही आणि कोणाला सोडवतही नाही. सुशीलेशी तिचे अबोल सख्य जुळते. जमाव येतो तेव्हा तो तिला विचारीत नाही की तू कोणत्या बाजूची. तटस्थ राहिलेल्यांनाही घराच्या भिंतीबरोबर किंमत द्यावी लागते, हे तेंडुलकरांनी कोणतेही भाष्य न करता सांगितले आहे. रझाकारांच्या काळात आणि त्यानंतर पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत मराठवाड्याच्या गावांत जे घडले, तेथेही अशा अनेक रुक्मिणी होत्या, दोन्ही धर्मांच्या.

या चित्रपटाची माणसे एकेक करून गेली. स्मिता पाटील १९८६ साली, अमरीश पुरी २००५ साली, तेंडुलकर २००८ साली, दुबे २०११ साली, कर्नाड २०१९ साली. श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा येथील वृत्तपत्रांनी त्यांना हैदराबादचे सुपुत्र म्हणून गौरवले. गौरव योग्यच होता. पण त्यांनी या मातीविषयी जे सांगितले ते ऐकणे हा त्याहून योग्य मार्ग. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाच्या आठवणी जागवतो. त्या दिवशी घरातील तरुण मुलांना ‘निशांत’ही दाखवावा, आणि तो संपल्यावर त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांविषयी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे ठाऊक असतील तेवढी खरी द्यावीत.